पायरीवर बसलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

बाबांना सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते निकामी होत जाणं) असल्याचं कळलं तेव्हापासून त्यांची एकच तक्रार होती, चाललं की दम लागतो. आधीच्या ठिकाणी उत्तरही ठरलेलं: 'एकोत ईएफ ६५ आहे, हृदय ठणठणीत. पोटातल्या पाण्यामुळे होतंय.' (एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी; ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं ते.) पाणी काढलं, दम तसाच. मग "किती प्यायचात?" हे चौथ्यांदा विचारलं गेलं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. (आणि घेतला असता, तर काय दम लागायची बंदी होती?)

तुम्ही फाईल चाळून मिटलीत आणि म्हणालात, "काका, चला, जिना चढू." तेराव्या पायरीला बाबा थांबले. तुम्ही त्यांच्यासोबत तिथेच पायरीवर बसलात, त्यांचं मनगट धरून. लोक आपल्याला वळसा घालून जात होते. नाडी मंदावणारी गोळी चालू नाही ना, ते विचारलंत. मग म्हणालात, "एवढं चढूनही ठोके फारसे वाढलेच नाहीत. काका खरं सांगतायत."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले. बराच वेळ.

पुढचं तुम्ही समजावलंत ते आता मला पाठ आहे. सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून हृदय बसल्या जागीही जास्त रक्त ढकलत असतं आणि पडून केलेल्या एकोत ईएफ छान दिसतं. श्रम, जंतुसंसर्ग, ऑपरेशन अशी जादा कामाची वेळ आली की त्याची खोट उघडी पडते. शिवाय स्नायू ताठरलेला, दोन ठोक्यांमध्ये नीट सैल होत नाही. याला सिरॉटिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. ईसीजीत क्यूटी, म्हणजे एका ठोक्याचा विद्युत-संदेश उठून शमायला लागणारा वेळ, लांबलेला निघाला; काही औषधं तो आणखी लांबवतात, म्हणून साध्या अँटिबायोटिकआधीही विचारायची ताकीद दिलीत.

पेशंट खरं बोलतोय असं धरून चालणारा डॉक्टर भेटायला नशीब लागावं, याची चीड येते. पण अशी माणसं असतात. त्याच वॉर्डातली एक सिस्टर रात्री दिवा मालवण्याआधी प्रत्येकाला "मालवू ना?" म्हणून विचारायची.

ट्रान्सप्लांटच्या टीमला तुम्ही आधीच सावध केलंत, कारण नव्या यकृतात रक्त सोडताच हृदयावर एकदम ताण येतो. परवा भूलतज्ज्ञांनी बाबांना विचारलं, "दम कधी लागतो?"

"तेराव्या पायरीला," बाबा म्हणाले. "मॅडम होत्या ना सोबत."

तुमच्या पेशंटची मुलगी