उपग्रह रेडिओची चुकीची जोडणी आणि तुमच्या साहेबांची उत्तरं

पुणे, जुलै 2007

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व जोडणी विभाग

विषय : घरी बसवून दिलेला उपग्रह रेडिओ धड न वाजणे, आणि त्याबद्दल विचारल्यावर मिळालेली वागणूक

महोदय,

आज दुपारी तुमच्या सेवा केंद्रातल्या वरिष्ठ साहेबांनी माझं बोलणं पूर्ण होण्याआधीच फोन ठेवून दिला. यापुढे मी फोन करणार नाही. जे सांगायचं ते लेखी देते आहे आणि उत्तरही लेखीच हवं आहे. पावती, जोडणीचा दिनांक, ग्राहक क्रमांक हे सगळं तुमच्या दप्तरी आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओ कंपनीच्या कार्यक्रमांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांची शास्त्रीय संगीताची 'गंधर्व' वाहिनी ऐकायला मिळावी म्हणूनच हा खर्च केला. माझे सासरे 86 वर्षांचे आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. शास्त्रीय गाणं हा त्यांचा दिवसभराचा एकमेव आधार. इतकी वर्षं ते आकाशवाणीचं पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर ऐकत आले. पण आता इमारतीत घरोघरी इन्व्हर्टर आणि चोकच्या ट्यूबलाइट झाल्यामुळे मध्यम लहरींवर नुसती घरघर येते. त्यात शास्त्रीय संगीताच्या वेळाही ठरलेल्या. दिवसाच्या कुठल्याही वेळी, खरखर न होता ख्याल ऐकू येईल असं तुमच्या विक्रेत्याने आमच्या दिवाणखान्यात बसून सांगितलं, तेही सासऱ्यांच्या समोर. त्यांनी त्याचा हात धरून दोनदा विचारलं, "नक्की ना?" तो म्हणाला, "आजोबा, गॅरंटी माझी."

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. विलंबित एकताल चालू असतो. गायक आवर्तन भरत भरत समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे येतो, आणि नेमका आवाज बंद. काही सेकंद पूर्ण शांतता. मग गाणं भलत्याच मात्रेवर पुन्हा सुरू. डिजिटल प्रक्षेपणात आवाज हळूहळू खराब होत नाही. तो पूर्ण येतो नाही तर अजिबात येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुन्या रेडिओवर खरखरीतूनही राग कळत तरी होता. इथे मधला तुकडाच गायब होतो. डोळ्यांनी काही दिसत नसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी वाटतं की वीज गेली, आणि ते मला हाक मारतात.

याचं कारण तुमच्या तंत्रज्ञाने केलेली जोडणी. दुसरं कुठलंही नाही.

तुमचा माणूस आला. त्याने आधी रेडिओ स्वयंपाकघरात नेला, पूर्वेच्या खिडकीतून अँटेना हाताने बाहेर धरला आणि स्वच्छ वाजवून दाखवला. कागदावर माझी सही घेतली. सही झाल्यावर म्हणाला, इथून हॉलपर्यंत केबल पुरत नाही. मग अँटेना पश्चिमेच्या गॅलरीत ग्रिलला तारेने बांधला, तोंड चांदणी चौकाच्या टेकडीकडे. तिथेही केबल अपुरी पडली, म्हणून पिशवीतला टीव्हीच्या केबलचा तुकडा काढून मध्ये जोडला आणि वर काळी टेप गुंडाळली. मी विचारलं, "दिशा बरोबर आहे का?" तो म्हणाला, "सिग्नल सगळीकडून येतो." आणि निघून गेला.

सिग्नल सगळीकडून येत नाही. तो एशियास्टार या एकाच उपग्रहावरून येतो. हा उपग्रह मार्च 2000 मध्ये सोडला आणि 105 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर तो आहे. पुण्याहून बघितलं तर तो पूर्वेपासून दक्षिणेकडे साधारण 28 अंश, आणि क्षितिजापासून सुमारे 48 अंश उंचीवर येतो. म्हणजे पूर्व आणि आग्नेय यांच्या दरम्यान, अर्ध्या आभाळावर. पश्चिमेच्या गॅलरीतून तो दिसण्याचा प्रश्नच नाही. मध्ये आमची आख्खी चार मजली इमारत उभी आहे आणि डोक्यावर वरच्या मजल्याच्या गॅलरीचा सिमेंटचा स्लॅब आहे. जो काही थोडाफार सिग्नल मिळतो तो समोरच्या इमारतीवर आपटून परत आलेला. तोही त्या जोडलेल्या केबलमध्ये निम्मा मरतो, कारण इतक्या वरच्या कंपनसंख्येला जोड आणि भलती केबल चालत नाही. हे शोधून काढायला मला तुमची मदत झाली नाही. हे तुमचं काम आहे आणि ते मी केलं.

आम्ही खात्रीही करून घेतली आहे. रेडिओ बॅटरीवर लावून गच्चीवर नेला. होकायंत्राने दिशा लावली, कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून उंची बघितली, आणि अँटेना त्या बाजूला धरला. रेडिओच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. सासऱ्यांना खुर्चीवर बसवून वर नेता आलं नाही, नाही तर ते तिथून उठले नसते. एक आख्खा ख्याल एकदाही न तुटता वाजला. यंत्र उत्तम आहे, उपग्रह जागेवर आहे, वर्गणी भरलेली आहे. फक्त जोडणी चुकलेली आहे, आणि ती चूक तुमच्या माणसाची आहे.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे संभाषण ध्वनिमुद्रित होतं असं सुरुवातीलाच सांगतात. ते काढून ऐका.

आधी एका मुलीने फोन घेतला. तिने नेहमीप्रमाणे सांगितलं की पावसामुळे अडचण आहे, पाऊस ओसरला की बरोबर होईल. मी तिला सांगितलं की तक्रार मे महिन्यातली आहे, तेव्हा पुण्यात पाऊस नव्हता. शिवाय पावसाने तुटतो तो टीव्हीच्या डिशचा सिग्नल, कारण तो 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो. हा रेडिओ 1,467 ते 1,492 मेगाहर्ट्झमध्ये चालतो, त्याला पावसाच्या थेंबांनी जवळजवळ काही होत नाही. समोर ओलं झाड असेल तर गोष्ट वेगळी, पण गच्चीवर झाड नाही. तिने "एक मिनिट हं मॅडम" म्हणून फोन साहेबांकडे दिला.

साहेबांचं पहिलं वाक्य होतं, "काकू, मिस्टर आहेत का घरात? त्यांना द्या फोन. टेक्निकल आहे जरा."

मी म्हटलं, तक्रार माझी आहे, पावती माझ्या नावावर आहे, तुम्ही माझ्याशी बोला. ते म्हणाले, "अहो काकू, तुम्हाला कळायला सोपं जावं म्हणून म्हणतोय." मी म्हटलं, मला कळतं, तुम्ही सांगा, पश्चिमेला तोंड करून अँटेना का बसवला? त्यावर थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "त्याचं असं असतं काकू, उपग्रह फिरत असतो. सकाळी एका बाजूला असतो, संध्याकाळी तुमच्या बाजूला येतो. तुम्ही संध्याकाळी लावून बघा."

हे वाक्य मी लगेच कागदावर लिहून घेतलं, शब्द न् शब्द.

मी म्हटलं, हा भूस्थिर उपग्रह आहे. पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तो तिच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला तो आभाळात एकाच जागी दिसतो. म्हणून तर अँटेना एकदाच लावून ठेवता येतो. रोज तो उगवत-मावळत असता तर तुम्ही लोकांना हा रेडिओ विकलाच कसा असता? तेव्हा ते हसले. खरंच हसले. आणि म्हणाले, "काकू, तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल काहीतरी."

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवला आहे. माझं माहेर नारायणगावचं. आमच्या शेजारी आर्वीला 1971 साली उपग्रहाशी बोलणारं भू-केंद्र सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि ती अवाढव्य डिश बघायला गावच्या बायका चालत गेल्या होत्या. पुढे जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 डिशांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. डिश कुठे वळलेली आहे याला अर्थ असतो, हे आमच्याकडे शेतावर जाणाऱ्या पोरालाही माहीत आहे. ही माझी बढाई नाही. पण मी भूगोल शिकवला नसता, मी नारायणगावची नसते, चौथी शिकलेली असते, तरीसुद्धा पैसे भरून घेतलेल्या वस्तूबद्दल खरं उत्तर मिळण्याचा माझा हक्क तेवढाच राहिला असता. "मिस्टरांना द्या" हे उत्तर तेव्हाही अपमानाचंच ठरलं असतं. माझे यजमान हयात नाहीत. ते मी साहेबांना सांगितलं नाही, कारण त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शेवटी ते म्हणाले की पुन्हा माणूस पाठवायचा तर भेटीचे वेगळे पैसे पडतील, आणि गच्चीवर अँटेना लावायचा तर लांब केबल आणि मधला अँप्लिफायर यांचे आणखी वेगळे. मी म्हटलं, तुमच्या माणसाने चुकीचं केलेलं बरोबर करायला मी पैसे का देऊ? तेव्हा "बघतो" म्हणून फोन ठेवला. मी "अहो, ऐका" म्हणत होते.

मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो आहे की तुम्हाला यातलं काही माहीत नाही असं नाही. तुम्ही हे रेडिओ विकता. उपग्रह थेट दिसल्याशिवाय हा रेडिओ चालत नाही, हे तुमच्या खोक्यातल्या पुस्तिकेत चित्रासकट छापलेलं आहे. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तिथल्या उपग्रह रेडिओ कंपन्यांनी मोठ्या शहरांमध्ये जमिनीवरसुद्धा प्रक्षेपक उभे केले आहेत, त्यामुळे उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावरही त्याच्या गाडीत गाणं चालू राहतं. आपल्याकडे या रेडिओसाठी तशी सोय नाही. इथे अँटेना आणि उपग्रह यांच्यामध्ये मोकळं आभाळ हवं, एवढाच मार्ग आहे. मग जोडणी करणाऱ्या माणसाच्या खिशात होकायंत्र का नाही? तो गच्ची बघायला वर का गेला नाही? खिडकीत हाताने धरून वाजवायचं, सही घ्यायची आणि मग सोयीच्या जागी बांधून निघून जायचं, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात.

आणि वर्गणी चालूच आहे. जोडणीच्या दिवसापासून वर्षाची मुदत धावते आहे, ऐकू येवो न येवो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अँटेना गच्चीवर, पूर्व-आग्नेयेकडे, पक्क्या पाइपवर बसवून द्या. सोसायटीच्या समितीकडून परवानगी मी आणली आहे, प्रत जोडते आहे. गच्चीपासून हॉलपर्यंत एकसंध, या कामासाठीची केबल टाका आणि लागेल तो अँप्लिफायर लावा. जोड नको, काळी टेप नको. याचे पैसे मी देणार नाही. वर्गणीची मुदत नीट जोडणी झालेल्या दिवसापासून मोजा आणि तसं लेखी कळवा. रेडिओ हॉलमध्ये, सासऱ्यांच्या खुर्चीजवळ वाजल्याशिवाय मी या वेळी सही करणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत वाजलेला चालणार नाही.

तुमच्या त्या साहेबांनी माझी माफी मागावी अशी माझी अपेक्षा आहे. ती लेखी असावी. आणि त्यांना ग्राहकांशी बोलायला बसवण्याआधी तुमच्याच खोक्यातली पुस्तिका वाचायला द्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 1986 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक मंचाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. अर्ज लिहून तयार आहे. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना तो दाखवला आहे, त्यांनी कागद पुरेसे आहेत असं सांगितलं. तिथे मी रेडिओची किंमत, वर्गणी आणि मनस्तापाची भरपाई, तिन्ही मागेन. माझ्या ओळखीत गाणं ऐकणारी, शिकणारी, शिकवणारी बरीच माणसं आहेत. आमच्याकडे ऐकून त्यांतल्या काहींनी हा रेडिओ घ्यायचं ठरवलं होतं. त्यांना मी तूर्त थांबायला सांगितलं आहे.

काम करायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते दुपारी दोन ते चार झोपतात.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : पावतीची झेरॉक्स, जोडणीच्या कागदाची झेरॉक्स, सोसायटीचं परवानगीपत्र, गॅलरीतल्या अँटेनाचे आणि टेप लावलेल्या केबलचे फोटो