भंगारवाल्याला बोलावण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी
औंध, पुणे

विषय: बंद पडलेल्या कंपनीच्या भाड्याच्या सायकलींबाबत

स.न.वि.वि.

सी विंगमागे पडलेल्या भाड्याच्या सायकली रविवारी भंगारवाल्याला द्यायच्या, असा मेसेज ग्रुपवर वाचला. दोन गाड्यांची जागा अडली आहे, पावसाळ्यात तिथे डास होतात, हे मान्यच. पण त्या सायकली विकायला आपल्या नाहीत. ॲप बंद पडलं आणि कस्टमर केअरचा फोन लागत नाही, एवढ्याने मालकी संपत नाही.

2016 च्या दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीवर कारवाई सुरू झाली असेल, तर तिची मालमत्ता रिझोल्यूशन प्रोफेशनल (कारवाईच्या काळात कंपनीचा कारभार पाहणारा) आणि पुढे लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी भागवणारा) यांच्या ताब्यात जाते. विक्रीचे पैसे घेणेकऱ्यांचे. डिपॉझिट अडकलेले आपले सभासदही त्यात आले. कंपनीच मिटली आणि खरोखर कुणी मालक उरला नाही, तर राज्यघटनेच्या कलम 296 प्रमाणे अशी वस्तू राज्य सरकारची होते. सोसायटीचा नंबर यात कुठेच लागत नाही.

मागच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘सापडलेली वस्तू विकता येते.’ अर्धं खरं आहे. 1872 च्या करार कायद्यात, कलम 169 मध्ये, तशी सोय आहे. पण आधी मालकाचा नीट शोध घ्यावा लागतो, आणि वस्तू खराब होत असेल किंवा आपला रास्त खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर गेला असेल तरच. शिवाय गेटजवळचा स्टँड कंपनीने आपल्याच परवानगीने लावला होता. तिथल्या सायकली ‘सापडल्या’ म्हणून कुणाला सांगणार? ते परवानगीचं पत्र फाइलमध्ये शोधावं, भाडं ठरलं होतं का तेही पाहावं. ठरलं असेल तर थकबाकीचा दावा लिक्विडेटरकडे लावायचा. सायकली विकून वसुली करायची नाही.

शोध न घेता परस्पर विल्हेवाट लावली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314, म्हणजे दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे बळकावण्याचं, लागू शकतं. त्यात किमान 6 महिन्यांची कैद आहे, आणि भंगाराच्या पावतीवर सही कमिटीची असणार. मिळणार किती, तर रद्दीपेक्षा थोडं बरं! टायर भरीव, सुटे भाग दुसऱ्या सायकलला बसत नाहीत.

पालिकेच्या शाळेतल्या मुलांना सायकली द्याव्यात ही ए विंगची सूचना मला आवडली. तेही सरळ मार्गाने होऊ शकतं. सिंगापूरमध्ये 2018 साली ओबाईक ही भाड्याच्या सायकलींची कंपनी बंद पडली, तेव्हा म्यानमारच्या एका उद्योजकाने तिथल्या आणि मलेशियातल्या अशा सायकली हजारोंनी विकत घेऊन म्यानमारच्या खेड्यांतल्या विद्यार्थ्यांना दिल्या. विकत घेऊन, हे महत्त्वाचं. (आपल्या औंधात 2017 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या भाड्याच्या सायकलींच्या योजनेतली ओफो ही कंपनी पुढच्याच वर्षी भारतातून गेली. सी विंगमागच्या सायकलींची कंपनी वेगळी, पण तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.)

म्हणून विनंती अशी. रविवारचा भंगारवाला रद्द करावा. प्रत्येक सायकलचा फोटो आणि फ्रेम नंबर घेऊन यादी करावी, सायकली टेरेसच्या जिन्याखाली हलवाव्यात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीची सद्यस्थिती फुकट दिसते. ती पाहून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, लिक्विडेटर असेल तर त्याला, स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी. प्रत पोलीस चौकीला आणि पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला. उत्तर नाही आलं, तर पुढचा ठराव सर्वसाधारण सभेत, वकिलाचा सल्ला घेऊन. यादीचं आणि नोटिशीच्या मसुद्याचं काम मी करायला तयार आहे.

कळावे,
आपला,
एक सभासद, बी विंग