बाई, हायमास्टच्या उजेडातही तेजोमेघ सापडतो

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तेजोमेघांच्या, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगांच्या, फोटोंसाठी तुम्ही दिलेला फिल्टर परत करायची वेळ झाली, म्हणून हे पत्र. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "कामाचं बोल" म्हणता आणि विषय बदलता. कागदावर तसं करता येणार नाही. उघड लिहितेय ते एवढ्यासाठी, की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावाच्या उजेडात कॅमेरा घेऊन बसणारे आणखीही कुणी असतील. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. घर रत्नागिरीत, मांडवीला. एका अंगाला मिरकरवाडा बंदराचे दिवे, गल्लीच्या तोंडाशी उंच खांबावरचा हायमास्ट दिवा, वर समुद्रावरची दमट खारी हवा. त्या हवेत उजेड पसरतो आणि अमावास्येलाही आकाश राखाडीच राहतं. राजापूरच्या सड्यावर किंवा आंबा घाटात गेलं तर काळोख मिळतो, पण आई अंथरुणाला खिळलेली. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. म्हणजे जे काही करायचं ते अंगणातूनच. ज्यांना विचारलं त्यांनी "शहरातून तेजोमेघ? विसर" असंच सांगितलं. तुम्ही मात्र उलट मलाच विचारलंत, "तुला नक्की काय टिपायचंय? दीर्घिका की तेजोमेघ?" मी तेजोमेघ म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग होईल. दीर्घिका म्हणाली असतीस तर मीही नाहीच म्हटलं असतं."

आणि मग फिल्टर हातात देण्याआधी तुम्ही तो कशासाठी असतो ते माझ्याच कामातून समजावलंत. "लॅबमध्ये रक्तातलं ग्लुकोज किती तरंगलांबीवर वाचतेस?" मी म्हटलं, "५०५ नॅनोमीटरवर." "का? सगळा पांढरा प्रकाश का नाही पाठवत?" कारण नळीतल्या रंगाला नेमका जो प्रकाश शोषायचाय तेवढाच हवा असतो, बाकीचा आला की आकडा बिघडतो. रोज शेकडो नळ्या कलरीमीटरमध्ये घालणाऱ्या मला हे आकाशाला लावून बघावं असं कधी सुचलं नव्हतं. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरवर चमकतो. जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो, परत पकडला गेला की पायऱ्या उतरत येतो, आणि तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर येताना हा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. तोच एच-अल्फा. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे मुख्यतः ५८९ च्या आसपास जळतात. पांढऱ्या एलईडीचा निळा उंचवटा ४५० च्या आसपास आणि उरलेला उजेड हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला. ६५६ च्या भोवतीचा ७ नॅनोमीटरचा पट्टा तेवढा उघडा ठेवला, तर हायमास्टचा बहुतेक उजेड दारातच अडतो आणि हायड्रोजन जवळजवळ सगळा आत येतो.

हे ऐकताना मला शाळेची विजयदुर्गची सहल आठवली. ग्रहण बघण्यासाठी बांधले असं सांगतात ते तिथले "साहेबाचे कट्टे" दाखवून तुम्ही १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाबद्दल सांगितलं होतंत. त्या ग्रहणाची सावली याच किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेली. आंध्रातल्या गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारा वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वालांमधल्या तेजस्वी रेषा बघून त्याच्या लक्षात आलं, की या दिसायला ग्रहण लागायलाच हवं असं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याने त्या पुन्हा पाहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनेही इंग्लंडमधून ग्रहणाविना तेच साधलं. सहलीत आम्हा मुलांना अशा रेषांवरूनच सापडलेल्या हेलियमचं नाव तेवढं लक्षात राहिलं. त्यामागची खरी युक्ती तुम्ही मला आता, इतक्या वर्षांनी सांगितलीत: आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत पसरून पातळ होतो, ज्वालेचा उजेड मात्र मोजक्या रेषांत गोळा झालेला राहतो. त्यातली तांबडी रेषा म्हणजे हीच ६५६.३. भर दुपारच्या आकाशातून ती सापडते, तर मांडवीच्या हायमास्टमधून का सापडू नये? बाई, फिल्टर कुठूनही विकत मिळाला असता. हा धीर तुमच्याकडूनच मिळाला.

तुमच्या बारीकसारीक सूचनांचं ऋण वेगळंच. कॅमेऱ्यात कारखान्यातून बसवलेला फिल्टर एच-अल्फाचा बराचसा प्रकाश खातो, म्हणून तो पुण्याच्या तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून काढून आणवलात. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडू नको, एफ ४ वर ठेव, असं बजावलंत, कारण फार तिरके किरण आले की फिल्टरचा पट्टा निळ्या बाजूला सरकतो आणि हवी ती रेषाच कडेला पडते. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर ध्रुवाकडे रोखावा लागतो, पण आपला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, आणि माझ्या अंगणातून तो शेजाऱ्यांच्या माडांमागे. तुम्ही म्हणालात, ध्रुव नको. दक्षिणेला, डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा तारा धर, तो वर-खाली किती सरकतो ते बघ आणि तेवढा ट्रॅकर आडवा फिरव. मग पूर्वेला खाली असलेला तारा धर आणि उंची बसव. हे जमायला वेळ लागतो, पण जमलं की पाच मिनिटांच्या फोटोत तारे टिंबासारखे येतात.

डार्क फ्रेमचा तुमचा आग्रह तर शेवटपर्यंत सुटला नाही. आपल्याकडे जानेवारीतही रात्र उबदार, सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की अंधारातला करंट, म्हणजे फोटोतला खोटा उजेड, साधारण दुप्पट होतो. म्हणून लेन्सला झाकण लावून, त्याच रात्री, त्याच हवेत, तेवढ्याच वेळाचे फोटो काढायचे आणि वजा करायचे. पहाटे मतलई सुटली आणि दव उतरू लागलं की मी लेन्सवरची गरम पट्टी चालू करते आणि आधी डार्क घेऊन टाकते. तुमच्या सूचनेप्रमाणे.

पहिला नीट निघालेला तेजोमेघ एकशृंग तारकासमूहातला रोझेट. मृगाच्या पूर्वेला, डोक्याच्या जवळपास. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाच मिनिटांचा एकच फोटो होता, लाल-काळा, खरखरीत. त्यातला उजेड-काळोखाचा फरक थोडा ताणल्यावर मधोमध पोकळ असलेलं कडं दिसलं. चंद्रबिंबाच्या दुपटीहून मोठं, आणि डोळ्यांना त्या जागी काहीच दिसत नव्हतं. घड्याळात आईची कूस बदलायची वेळ झाली होती. मी आत गेले, तिला वळवलं, पाणी दिलं. बाहेर शटर आपापलं काम करत राहिलं. त्या रात्रीचे आणि पुढच्या रात्रींचे फोटो जोडले तेव्हा कड्यातल्या काळ्या धुळीच्या गाठी एकेक करून वेगळ्या झाल्या. फोटो चौपट केले की खरखर निम्मी होते, हे तुमचं गणित मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आईलाही मोबाइलवर दाखवलं. तिने बराच वेळ बघून विचारलं, "हे आपल्या अंगणातून?"

ओ-थ्रीचा, म्हणजे ऑक्सिजनच्या रेषेचा, फिल्टर मी आता स्वतःचा घेतलाय, तोही तुम्ही सांगितलेल्या एका गोष्टीमुळे. १८६४ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हगिन्सने तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा पाहिली. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे "नेब्युलियम" नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं. १९२७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ बोवेनने दाखवलं, की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनच आहे, पण तिथला वायू इतका विरळ, की प्रयोगशाळेतला निर्वातही त्यापुढे दाट, त्यात तशी रेषा उमटणं कठीण. ५००.७ नॅनोमीटरची ती रेषा माझ्या अंगणात उतरते याचं मला अजून नवल वाटतं. चांदण्यात ती एच-अल्फापेक्षा लवकर बुडते, तेव्हा ओ-थ्रीसाठी अंधाऱ्या पंधरवड्याच्या रात्री राखून ठेवते. रंग मिसळताना कुठल्या रेषेला कुठला रंग दिला ते फोटोखाली लिहायचं, ही तुमची शिस्तही पाळते. हबल अवकाश दुर्बिणीच्या १९९५ च्या गरुड तेजोमेघाच्या फोटोतला हिरवा म्हणजे हायड्रोजन होता, हे माहीत नसेल तर बघणारा फसतो.

तुम्ही आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितलीत. फिल्टर आहे म्हणून उजेडाला माफी नाही. कृत्तिकांभोवतीची धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परतवते, दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचा एकत्र उजेड. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांचा, एका रेषेत पकडता येणारा नाही, त्यांना काळोखच लागतो. आणि वेळासच्या वाळूतून निघणाऱ्या कासवाच्या पिल्लांकडे कुठला फिल्टर असतो? ती उजळ क्षितिजाकडे धावतात, आणि दिवे जमिनीकडे असले की समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. तुमचं हे बोलणं मनात धरूनच आमच्या गल्लीने हायमास्टला टोपी बसवायचा अर्ज केलाय. सह्या गोळा करायला मी फिरले. दिवा बंद करा असं आम्ही म्हटलेलं नाही. उजेड रस्त्यावर पडू दे, वर नको, एवढंच मागणं.

फिल्टर तुमच्याच डबीत, नव्या सिलिका जेलच्या पुडीसह, भाच्याकडे देतेय. डबीच्या झाकणावरची तुमच्या अक्षरातली "फक्त कडेला धर" ही चिठ्ठी तशीच आहे. काचेवर माझं बोट एकदाही लागलेलं नाही. रोझेटचा छापील फोटो सोबत आहे, मागे वेळ, लेन्स आणि रेषा लिहिल्यात.

आता एक विचारायचंय. अगस्त्याच्या पूर्वेला, दक्षिणेत खाली, कॅरिना तेजोमेघ आपल्याकडून सगळ्यात वर आला तरी १३ अंशांच्या आसपासच राहतो. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला येईल. माझ्या अंगणातून त्या बाजूला माड नाहीत, फक्त भाट्याकडची धूसर हवा. एवढ्या खालून एच-अल्फा निभावेल का? तुम्ही आईला भेटायला यायचं म्हणत होतात, तर तेव्हाच या. जेवायला सुरमई करते.

तुमची विद्यार्थिनी