काचबिंदूच्या रुग्णाला वणाबद्दलही सांगा

महोदय,

लोकलच्या डब्यात आणि रिक्षांच्या पाठीवर सध्या ‘टाका नाही, पट्टी नाही’ अशा डोळ्यांच्या ऑपरेशनच्या जाहिराती झळकत असतात. मोतीबिंदूपुरते त्यात खोटे नाही. बुबुळाच्या कडेला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची तिरकी चीर घेतात आणि डोळ्याच्या आतल्या दाबानेच ती मिटून राहते. वरचा पापुद्रा एक-दोन दिवसांत जुळतो. खालचा थर पक्का व्हायला मात्र कित्येक आठवडे जातात, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात. हे जाहिरातीत कोण लिहिणार!

काचबिंदूचे गणित तर उलटेच. माझ्या आईचे हे ऑपरेशन झाले, तेव्हा समजले. डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हे) झिरपून दाब उतरावा म्हणून पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट करतात. ती उघडी राहिली तरच ऑपरेशन साधले. शरीराला हे कुठून कळणार? ते आपले इमानेइतबारे जखम भरू लागते. वण धरला की वाट बुजते आणि दाब पुन्हा चढतो. तरुण रुग्णांत तर वण अधिक जोमाने धरतो. म्हणून ऑपरेशन करतानाच मायटोमायसिन-सी, म्हणजे मुळात कॅन्सरवरचे औषध, स्पंजने काही मिनिटे लावतात. नंतर स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे, हळूहळू कमी करत.

आईच्या डिस्चार्जच्या कागदावर यातले अवाक्षर नव्हते. डोक्यावरून अंघोळ नको, वाकू नका, एवढेच, तेही इंग्रजीत. ओपीडीच्या बाकावर शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘लाली गेली, मग कशाला औषध ओतायचे डोळ्यांत?’ त्यांनी थेंब केव्हाच बंद केले होते. त्यांना दोष कसा देणार? याउलट जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून तेच थेंब महिनोन् महिने आणणारेही आहेत. स्टेरॉइडनेच काहींचा दाब वाढतो, हे त्यांच्या कानावरच आलेले नसते.

रुग्णालयांनी अर्ध्या पानाचा मराठी कागद द्यावा. कोणते थेंब, कधीपर्यंत, कशासाठी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नयेत, वाढवूही नयेत. शिवाय एक ओळ ठळक अक्षरांत हवी: काचबिंदूच्या ऑपरेशनला वर्षे लोटली असली, तरी डोळा लाल होऊन दुखू लागला, चिकटा येऊ लागला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई