चीजच्या काउंटरवरच्या काकांना

काका,

क्रॉफर्ड मार्केटमध्ये तुमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते, तेव्हा मी लक्षात असेन असं नाही. हातात रेसिपीचा कागद घेऊन आलेली ती मी. त्या दिवशी नीट आभारही मानता आले नाहीत, घसा दाटून आला होता. म्हणून हे जाहीर पत्र.

काचबिंदूमुळे आईला वजनकाट्यावरचे आकडे दिसत नाहीत. वाटी-चमच्याच्या मापाने ती आजही सगळा स्वयंपाक करते. पण नातवाला हवी होती बेक्ड मॅकरोनी आणि नंतर चीजकेक, आणि रेसिपीत सगळं ग्रॅममध्ये. मी बऱ्याच जणांना विचारलं. एका क्लासवाल्या बाईंनी ठोकून दिलं, ‘एक कप म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, कुठलंही चीज घ्या.’ एका दुकानदाराने तर आईच्या देखत विचारलं, ‘दिसत नाही तर करायचंच कशाला?’ आई गप्प झाली. तो प्रश्न मला अजून डाचतो.

तुम्ही रेसिपी वाचलीत आणि विचारलंत, ‘करणार कोण?’ आई, म्हटल्यावर म्हणालात, ‘मग त्यांनाच फोन लावा ना ताई, त्यांच्याशीच बोलतो.’

काका, गेली काही वर्षं डॉक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे आईबद्दल माझ्याशी बोलतात. ती शेजारी उभी असते तरी. तुम्ही मागे गर्दी असताना फोन कानाला लावून तिला ‘आई’ म्हणालात आणि स्वयंपाक येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोललात. किसणी बारीक भोकांची की जाड, हे आधी विचारलंत, कारण बारीक कीस फुलतो आणि तेवढ्याच वजनात कप जास्त भरतो. मग तिला सांगितलंत: 240 मिलीच्या कपात जाड किसलेलं चेडर सैल भरलं की 113 ग्रॅमच्या आसपास बसतं, म्हणजे 225 ग्रॅमला दोन कप. क्रीम चीजमध्ये किसासारखी हवा नसते, म्हणून तेच 225 ग्रॅम एका कपात मावतं. पार्मेजान बारीक किसलेलं, 50 ग्रॅमला साधारण अर्धा कप. आणि शेवटी, ‘कीस दाबू नका, कपाच्या काठावरून बोट फिरवा, बोटाला कळेल भरला की नाही.’

तो काठावरून बोट फिरवायचा सल्ला! डोळ्यांवाचून करता येईल असं माप तुम्ही तिला दिलंत, आणि त्यात कीव कुठेच नव्हती. या शहरात लोकलच्या दारात अनोळखी हात पुढे येतो, पावसात अडकलेल्याला कुणीतरी घरात घेतं, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. पण कामाच्या ऐन गर्दीत दुसऱ्याचा मान जपायला वेळ काढणं मला त्याहून मोठं वाटतं. तुमच्यात हे कुठून आलं, तुमच्या आईकडूनच असणार.

मॅकरोनी झाली, नातवाने दोनदा वाढून घेतली. चीजकेकसाठी क्रीम चीज न्यायला आई आता स्वतः येणार म्हणते. शनिवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी आणते तिला. तुम्ही काउंटरवर असाल ना?

तुमची,
गिरगावातली गिऱ्हाईक