‘होते’ आणि ‘चालेल का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या रोलप्लेइंग खेळांवर लेख आला होता. आमच्या घरात तो चौघांनी वाचला आणि चौघांनी चार वेगवेगळ्या ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. लेखकाचे म्हणणे असे की, या खेळांत जादूगार फार वरचढ झाला आहे, तलवारवाला त्याच्यापुढे हमाल वाटतो, तेव्हा तलवारीच्या घावाला जास्त फासे द्यावेत म्हणजे तोल साधेल. दुखणे त्यांनी बरोबर ओळखले आहे. औषध मात्र भलत्याच रोगावरचे आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त मुद्रितशोधक. एकतीस वर्षे दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ तपासले. सात वर्षांपूर्वी मुलीने डंजन्स अँड ड्रॅगन्सची पुस्तके घरी आणली आणि “आई, तू नियम नीट वाचतेस, तूच डीएम हो” म्हणत ते काम माझ्या गळ्यात घातले. डीएम म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांच्या वतीने खेळणारा आणि तंटा झाला की निवाडा देणारा, असे तिन्ही एकच माणूस. मुलगी विझार्ड म्हणजे जादूगार खेळते, जावई क्लेरिक म्हणजे मंत्र जाणणारा पुजारी, यांचा भाचा रोग म्हणजे चोरटा गडी (हा शब्द देवनागरीत लिहिताना मला अजूनही कसेसेच होते), आणि आमचे हे फायटर, म्हणजे तलवारवाला लढवय्या. यांच्या फायटरचे नाव वज्रबाहू.

एक प्रसंग सांगते. सगळे पाचव्या लेव्हलला (पात्र अनुभवाने चढते ती पायरी) होते. तळघरात लोखंडी पट्ट्या ठोकलेले दार, कुलूपबंद. वज्रबाहूची ताकद १८, पार्टीत सर्वांत जास्त. हे खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणाले, “मी दाराला खांदा देतो. चालेल का?” भाचा म्हणाला, “मामा, खांदा लावा. देतात तो वेगळा.” सगळे हसले. मी फासा आणि बोनस मिळून २० चा आकडा मागितला. यांच्याकडे ७ चा बोनस, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. वीसपैकी बारा वेळा फजिती ठरलेली. पडले ४. मी सांगितले, खांदा ठणकला, दार जागचे हलले नाही. मुलगी तोवर वहीचे पान उलटून तयार होती. “मी नॉक टाकते.” नॉक म्हणजे कुलूप उघडायचा मंत्र; तिला फासा टाकावा लागला नाही की आकडा गाठावा लागला नाही. दार उघडले आणि मंडळी आत गेली. हे काही बोलले नाहीत, पण त्यानंतर रात्रभर सहा बाजूंचे फासे एकावर एक रचून मनोरे करत बसले. स्वतःची पाळी आली की मनोरा मोडायचा, घाव घालायचा, पुन्हा रचायला घ्यायचा.

त्या रात्री मी नियमांचे पुस्तक घेऊन बसले आणि सवयीने क्रियापदे पाहू लागले. मंत्रांच्या प्रकरणात वाक्ये अशी: कुलूप उघडते, भिंत उभी राहते, माणूस अदृश्य होतो, तुम्ही तीस फूट पलीकडे प्रकट होता. सगळी सरळ विधाने. काही मंत्रांत समोरच्याला बचावाचा फासा टाकता येतो हे खरे, पण दार, दरी, नदी, भिंत यांना कसला आलाय बचाव? फायटरला लढाईबाहेर काही करायचे असेल, तर त्याच्यासाठी असे वाक्य क्वचितच सापडते. तो डीएमकडे बघून विचारतो, मी असे करू शकतो का? डीएम मनाने एक आकडा काढतो आणि मग फासा. थोडक्यात, जादूगाराचे वाक्य ‘होते’वर संपते आणि फायटरचे ‘चालेल का?’वर. घावाचे फासे दुप्पट केले तरी यातला एक काना बदलत नाही.

आता हिशोब बघा. पाचव्या लेव्हलच्या विझार्डचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, नुकसानीचे सहाबाजूंचे आठ फासे देतो, सरासरी २८, आणि तो वीस फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना. बचावला त्यालाही निम्मा. फायटरच्या मोठ्या तलवारीचा एक घाव दोन फासे अधिक ४, म्हणजे सरासरी ११. दोन घाव २२, तेही दोन्ही लागले तर. घोळक्यापुढे विझार्ड भारी, हे उघडच आहे. पण तिच्याकडे दिवसाला सगळे मिळून नऊ स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी), त्यातले फायरबॉलच्या तोडीचे दोनच. फायटरची तलवार संपत नाही. समोर एकटा दांडगा शत्रू असला आणि दिवस लांबला, तर आमच्या वहीत सर्वांत जास्त नुकसान वज्रबाहूच्याच नावावर निघते. मी मोजले आहे. तरीही मनोरे तोच माणूस रचत होता.

हा तोल आधी कसा राखत, हे पाहण्यासारखे आहे. खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात जादूगाराच्या जिवाला (किती फटके सोसेल ते ठरवायला) चार बाजूंचा फासा आणि लढवय्याच्या जिवाला दहा बाजूंचा. पहिल्या लेव्हलला दिवसाला मंत्र एक. मंत्र म्हणत असताना फटका बसला तर तोही वाया. दुसऱ्या लेव्हलला जायला लढवय्याला अनुभवाचे २००१ गुण पुरत, जादूगाराला २५०१ लागत. आधी सोसा, पुढे राज्य करा, असा तो सौदा होता. सौदा म्हणून मला तो कधीच पटला नाही. ज्याची मोहीम चौथ्या लेव्हलला मोडली त्याने नुसतेच सोसले. पण त्या पुस्तकात आज सहसा कोणाच्या लक्षात नसलेली एक गोष्ट होती: नवव्या लेव्हलला लढवय्या स्वतःचा गड बांधी आणि शिपाई त्याच्या पदरी येऊन राहत. ‘येतात’ असे स्वच्छ विधान. हा लढवय्याचा ‘होते’ होता, आणि चांगला घसघशीत होता.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना गुणांचा तक्ता एकच झाला. शत्रू अंगाशी भिडलेला असतानाही सावधपणे मंत्र टाकायची सोय आली. इकडे फायटरला सगळे घाव घालायचे तर जवळजवळ जागेवर उभे राहणे भाग, आणि मनावरच्या जादूपुढे त्याचा बचाव कच्चा. ठरल्या लेव्हलला मिळणारा गड आणि शिपाई फायटरच्या प्रकरणातून गेले. जादूगाराचे वरचे मंत्र मात्र राहिले. माझ्या मते तोल बिघडला तो इथे, आणि घावाच्या फाशांशी त्याचा संबंध फार थोडा.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच साच्याच्या शक्ती वाटल्या. त्यात फायटरला एक अशी मिळाली की, आसपासचे शत्रू आपसूक त्याच्याजवळ ओढले जात आणि मग तो सगळ्यांवर घाव घाली. त्यावरून केवढी भांडणे! तिरंदाज आपणहून तलवारीखाली का येईल, हे कसे शक्य आहे? शेवटी दुरुस्ती होऊन त्या ओढण्यालाही फासा जोडला गेला. माणूस हवेत उडतो ते सर्वांना चालते, पण तलवारवाला शत्रूला डिवचून जवळ आणतो ते पटत नाही. यावर माझी आणि जावयाची चर्चा अजून संपलेली नाही. त्यांचे म्हणणे, जादूला कारण लागत नाही, हाताला लागते. मी म्हणते, मग हाताने होणाऱ्या गोष्टी तरी बिनफाशाच्या होऊ द्या.

आता माझी स्वतःची चूक. नॉकच्या मंत्रात शेवटी एक ओळ आहे: मंत्र टाकताच ठोठावल्याचा मोठा आवाज होतो आणि तो ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. ती मी गाळली होती. माझ्या धंद्यातल्या बाईने शेवटची ओळ गाळावी! त्या तळघरात पहारेकरी होते. आवाज झाला असता तर दार कसे उघडायचे यावर पार्टीला दोनदा विचार करावा लागला असता. पुढे वाचत गेले तर आणखी लाज वाटली. धावत येऊन लांब उडी मारताना माणूस आपल्या ताकदीच्या आकड्याइतके फूट जातो, असा साधा नियम आहे. ताकद १८, म्हणजे अठरा फूट. फासा नाही. आणि मी आदल्याच महिन्यात यांना पंधरा फुटांच्या दरीवर फासा टाकायला लावून खाली पाडले होते. पुस्तकाने दिलेला ‘होते’ मी न वाचता खोडला होता. तशी क्षमा मी मागितली. “मेलो नाही ना, मग झालं,” म्हणाले.

मधल्या काळात एक भलताच उपाय करून पाहिला, तोही सांगते. जिथे जादू चालतच नाही अशी गुहा आणली. वज्रबाहू तीन तास गाजला आणि मुलगी तीन तास खिडकीबाहेर बघत बसली. मनोरे तेवढे दुसरीकडे गेले. जादूगाराचे पंख छाटून फायटर उंच होत नाही, आणि ज्याला जादूच खेळायची आहे त्याच्यावर तो अन्यायही आहे. एका बैठकीनंतर ती गुहा मी बुजवली.

उलटा उपाय, म्हणजे फायटरलाही मंत्रांसारखी वीस कलमे द्या, हाही आमच्याकडे चालला नसता. यांनी स्पष्ट सांगितले, “मला पाठांतर नको. मी दिवसभर डोकं चालवून येतो, इथं हात चालवू दे.” सोपे पात्र हवे असणे हा काही गुन्हा नाही. सोपे आणि दुबळे हे दोन वेगळे शब्द आहेत.

काम झाले ते साध्या गोष्टींनी. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या आहेत. आम्ही एक चकमक करून रात्रीची झोप जाहीर करत होतो, तेव्हा मुलगी नऊच्या नऊ स्लॉट एकाच वेळी उधळणार, त्यात तिचा काय दोष? आता मी गोष्टीत घड्याळ ठेवते. ओलीस सूर्यास्तापर्यंतच जिवंत आहे म्हटले की स्लॉट मोजून निघतात. दुसरे, पुस्तकात मी एक चिठ्ठी खोचली आहे: वज्रबाहू न विचारता काय काय करतो. साधे लाकडी दार मोडतो. बेशुद्ध साथीदाराला खांद्यावर टाकून चालतो. अठरा फुटांपर्यंत उडी मारतो. शिपाई त्याच्याकडे बघून आधी तलवार खाली करतात आणि मग बोलतात. शेवटचे कलम पुस्तकात नाही, ते माझे.

२०२४ च्या सुधारित पुस्तकांनी या दिशेने एक पाऊल टाकले आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख नाही याचे नवल वाटले. आता प्रत्येक शस्त्राला स्वतःचा गुण आहे. मोठी तलवार चुकली तरी थोडे लागतेच. वॉरहॅमर (लढाईचा हातोडा) लागला की, ओगरएवढ्या (ओगर म्हणजे दांडगा राक्षस) किंवा त्याहून लहान शत्रूला सरळ दहा फूट मागे ढकलता येते, आणि त्याला बचावाचा फासा नाही. त्याशिवाय दार ढकलण्यासारख्या कामात फायटरचा फासा फसला, तर दम घेण्याची एक संधी खर्चून त्यात आणखी दहाबाजूंचा एक फासा मिळवता येतो. तरीही फसले तर ती संधी वाया जात नाही. अजून पुरेसे नाही, पण वाक्ये बदलू लागली आहेत.

मागच्या महिन्यात एक ओगर दरीच्या काठावर उभा होता, पाठीमागे पाच फुटांवर कडा. यांनी फासा टाकला, हातोडा लागला. मग नेहमीच्या सवयीने माझ्याकडे बघून म्हणाले, “आता ह्याला मागे ढकलू? चालेल का?”

मी म्हटले, “अहो, विचारू नका. ढकलला.”

ओगर गेला. मुलीने फायरबॉलसाठी काढलेले आठ फासे परत डबीत टाकले आणि म्हणाली, “बाबा, माझा स्लॉट वाचला.” हे म्हणाले, “दे बघू ते फासे,” आणि मला वाटले आता मनोरा, पण त्यांना ते फक्त मोजायचे होते.

त्यावरून आठवले. लेखात फायरबॉलला ‘आठबाजूंचे सहा फासे’ छापले आहेत. ते उलट हवे: सहाबाजूंचे आठ. सरासरीत एकाचाच फरक पडतो, २७ ऐवजी २८. तरी पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक