मुका मार लागला की चोळू नका, शेकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कबड्डीचे सामने सुरू झालेत, गावोगावी मैदानं आखली जातायत म्हणून मुद्दाम आत्ताच लिहितेय, नंतर लिहून उपयोग नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलाला (अकरावीत होता) एका सामन्यात मुका मार लागला. पकड करताना समोरच्या पोराचा गुडघा याच्या मांडीत बसला. कातडी फाटली नाही, रक्ताचा थेंब नाही, त्यामुळे कुणी मनावरच घेतलं नाही. स्प्रे मारला, दोन मिनिटं बसवलं आणि परत आत पाठवलं. स्प्रेने वरची कातडी तेवढी बधिर होते हो, आतमध्ये जे फुटलंय ते फुटलेलंच असतं! घरी आला तेव्हा मांडी टम्म सुजलेली, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते आठवलं की अजून जीव खालीवर होतो. शेजारच्या काकांनी तेल लावून जोर लावून चोळलं, पोरगं उशी चावत होतं आणि आम्ही म्हणतोय सहन कर, रक्त साकळलंय ते मोकळं होईल. त्यावर मी तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेक दिला. असं सलग पाच दिवस.

तीन-साडेतीन आठवड्यांनी काळानिळा डाग पार गेला होता पण गुडघा अर्ध्यावरच अडकायचा आणि मांडीत हाताला दगडासारखी गाठ लागायची. एक्सरे काढला तर स्नायूच्या आत पांढरा ढग दिसत होता. डॉक्टर म्हणाले हे हाड आहे, स्नायूत तयार होतंय. जोरात मार बसून आत रक्त साठलं आणि वरून चोळत राहिलं तर असं व्हायची शक्यता वाढते. मला खरंच वाटेना, मांसात हाड? पण होतं तसं. ऑपरेशन लागलं नाही हे नशीब, पण पूर्ण सीझन गेला आणि जिन्याच्या पायऱ्या उतरायलाही कित्येक महिने लागले.

म्हणून हात जोडून सांगते, पहिले दोन दिवस चोळायचं नाही आणि शेकायचं नाही. मुक्या मारात कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, उष्णता दिली की त्या अजून मोकळ्या होतात आणि रक्त जास्त पसरतं. त्याऐवजी खेळ लगेच थांबवायचा, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायचा (थेट कातडीवर नको, बर्फानेही कातडी जळते), मग काढायचा आणि दोन-तीन तासांनी परत. बर्फ नसेल तर टपरीवरची पेप्सीकांडी रुमालात गुंडाळा, तीही चालते. क्रेप बँडेज बांधलं तर बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना ते बघत राहायचं आणि पाय उशीवर उंच ठेवायचा. दुखण्याला पॅरासिटामॉल पुरे, ॲस्पिरिन नको, त्याने रक्त गोठायला वेळ लागतो. साकळलेलं रक्त सुई टोचून काढायचा उद्योग तर कुणी चुकूनही करू नका, आत जंतू जातात. आंबेहळदीचा लेप आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या लावतात, नुसता वरून हलक्या हाताने लावला तर माझं काही म्हणणं नाही, पण पहिल्या दिवशीच कढत करून रगडू नका.

डाग आधी लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो. हिरवा झाला म्हणून आमच्या सासूबाई घाबरल्या होत्या, पण ते रक्त जिरत असल्याचं लक्षण असतं.

घाबरायचं कधी तेही लिहिते. पोटरी किंवा हात कडक तट्ट झाला, मुंग्या येतायत, बोटं हलवली तरी कळ मस्तकात जातेय, तर सकाळची वाट बघू नका. पोटात किंवा बरगडीखाली मार बसला (सायकलचं हँडल पोटात घुसतं ना, तेही यातच आलं) आणि पोट दुखायचं वाढतंय, चक्कर येतेय, घाम सुटतोय, किंवा डावा खांदा उगाचच दुखायला लागला तर प्लीहा (डाव्या बरगडीखालचा रक्ताने भरलेला अवयव) फुटलेली असू शकते, सरळ १०८ ला फोन करा. डोक्याला टेंगूळ आलं आणि उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तरी तेच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि ती न्हाणीघरात पडून डोकं आपटलं, तर काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवाच, त्यांच्यात आतला रक्तस्राव उशिरानेही होतो. आणि मार न लागताच अंगावर निळे डाग उठत असतील तर तो मुका मार नाहीच, डेंग्यूत प्लेटलेट कमी झाल्यावरही तसं होतं, लगेच रक्त तपासा.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती आहे की मांडवाला, लाऊडस्पीकरला, ढालींना एवढा खर्च करता तर मैदानाच्या कडेला बर्फाचा एक डबा, चार फडकी आणि दोन क्रेप बँडेज ठेवा, आणि मार लागलेल्या पोराला आत पाठवायचं की नाही हे कोचने सामन्याचा स्कोअर बघून ठरवू नये. आमच्या गावच्या मंडळाशी मी बोललेय, ते हो म्हणालेत. या रविवारी पहिली मॅच आहे, बर्फ मीच घेऊन जाणारे.

आपली नम्र,
एका कबड्डी खेळणाऱ्या मुलाची आई,
सातारा जिल्हा